श्रीधरचे कान

श्रीधर टेंबे गेल्याचं त्याच्या मुलीनं, केतकीनं, फोनवर सांगितलं, तेव्हा दुःखाच्याही आधी माझ्या मनात एक लाजिरवाणा विचार आला... आता हे कुणालाच कळणार नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळली. शोकसभेतही टाळली. तिथं मी म्हणालो, 'आमच्या कंपनीतल्या सुरक्षिततेच्या शिस्तीची सुरुवात श्रीधरपासून झाली.' लोकांनी माना डोलावल्या. वाक्य खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं आज लिहितो आहे.

ह्यूस्टनजवळच्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. अंतराळवीरांचे पोशाख तपासायचे, हे आमचं काम. पोशाख घातलेल्या माणसाला एका पोलादी खोलीत उभं करायचं आणि पंपांनी खोलीतली सगळी हवा काढून घ्यायची. मग त्याचा जीव त्या पोशाखावरच. मी चाचणीप्रमुख होतो, श्रीधर सुरक्षा निरीक्षक. कामावर दोघं जायचो माझ्या गाडीतून. कानांचा तो इतका तिखट, की एकदा हायवेवरच म्हणाला, "विनू, तुझं पुढचं उजवं चाक रडतंय. मेकॅनिककडे ने, नाहीतर मला इथं उतरव, मी चालत येतो."

"टेक्ससच्या या उन्हात?"

"उन्हानं मेलो तर चालेल यार, तुझ्या बेअरिंगनं नको."

बेअरिंग खरंच गेलं होतं.

त्या दिवशी चाचणी अर्ध्यावर आली होती. हेडफोनमध्ये आतल्या माणसाचा श्वास आणि पोशाखातल्या पंख्याची घरघर, एवढंच ऐकू येत होतं. मग त्या घरघरीखाली एक बारीक शीळ आली, कुठून तरी हवा गळताना येते तशी. क्षणभर थांबली, पुन्हा आली. मी ती ऐकली. चाचण्या आधीच लांबल्या होत्या, वरून रोज विचारणा होत होती. बघू आणखी थोडा वेळ, असं मी मनात म्हणतोय तोच श्रीधर बोलला, "स्टॉप." खोलीत हवा भरली, माणूस बाहेर आला. पोशाख सुटा करून तपासला. काही सापडलं नाही. पुढेही कधी सापडलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये फक्त बोलणं टिपलं जायचं, त्यामुळे शिळेला पुरावा नव्हता.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "आणखी कुणी हा आवाज ऐकला?" मी 'हो' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : मग तुम्ही का नाही थांबवलंत? मी टेबलाकडे बघत राहिलो. कुणीतरी हसत म्हणालं, श्रीला सुट्टी हवी दिसते. बाकीचेही हसले. मीसुद्धा, थोडा.

 परतताना गाडीत तो मराठीत, अगदी हळू म्हणाला, "विनू, खरं सांग. तुला आला होता ना?"

गाडीत आम्ही दोघंच. तिथं कुणाची भीती होती मला? तरी म्हणालो, "नाही रे."

दुसऱ्या आठवड्यात तो कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. "कान उत्तम आहेत म्हणे," एवढंच सांगून त्यानं विषय बदलला. पण माणूस बदलला. पुढच्या एका चाचणीत त्याला काहीतरी खटकलं, आणि बोलण्याआधी त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही, आणि तो बोलला नाही. त्या दिवशी काही बिघडलं नाही, हे नशीब. पण 'थांबा' म्हणायला ज्याला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती, तो आता माझा चेहरा वाचत होता. मी हादरलो. काही दिवसांनी त्यानं बदली मागून घेतली, ऑफिसच्या कामावर.

नंतर मी कंपनीत एक पद्धत पाडली. कुणीही काम थांबवलं, तर प्रमुखानं आधी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानायचे. कारण नंतर विचारायचं. काही सापडलं नाही तरी आभार मागे घ्यायचे नाहीत. पद्धत रुजली, नवी मुलं बिनधास्त बोलू लागली. मला भाषणांना बोलावणी आली. भाषणात मी सांगायचो, 'आमच्या एका निरीक्षकानं चाचणी थांबवली आणि आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहिलो.' एकदा श्रीधर स्वतः समोर बसला होता. टाळ्या वाजवत होता. त्याचे आभार मी तेव्हाही मानले नाहीत.

निवृत्तीनंतर तो ओहायोतल्या डब्लिनला, केतकीकडे राहायला गेला. फुप्फुसांचं दुखणं बळावल्याचं कळलं तेव्हा मी ठरवूनच गेलो, या वेळी सांगायचंच. दारातच केतकी म्हणाली, "काका, बाबा सारखे विचारतात, हा आवाज तुला पण येतोय का? फ्रिजचा, हीटरचा, कसलाही. लहानपणापासून बघतेय मी. आय डोन्ट नो व्हाय."

मला माहीत होतं.

त्याच्या पलंगाशी बसलो. ऑक्सिजनचं यंत्र एका सुरात घुमत होतं. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं. म्हणाला, "विनू... हा आवाज... तुला येतोय?"

"येतोय रे. मलाही येतोय."

त्याचा चेहरा सैल झाला. माझा हात त्याच्या हातात होता, पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात केतकी सूप घेऊन आली. मी उठलो, तिला खुर्ची दिली, आणि परत येईन तेव्हा बोलू असं स्वतःला सांगत एअरपोर्टला निघालो.

श्रीधर, त्या चाचणीच्या दिवशीही मला आवाज आला होता. मी खोटं बोललो. मला माफ कर.