उतारावरचा धूर

सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराची ही गोष्ट. मी महागावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, वय तेवीस. गावात मला मैत्रिणी म्हणाव्यात अशा दोघीच. एक उर्दू वर्गाला शिकवायची. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी म्हणून सगळे तिला आपा म्हणत. तिच्या भावाचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. दुसरी सरकारी दवाखान्यातली नर्स. नवरा वारलेला, पाच वर्षांची मुलगी, आणि ती मुलगी सांभाळायला आई. तिला गावभर सिस्टर म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो.

माहूरला पायी जायचं आपाच्या मनात होतं. तिची आई मरताना गडाजवळच्या दर्ग्यावर चादर चढवायची राहून गेली म्हणाली होती. सिस्टरला देवीचं दर्शन घ्यायचं होतं. मला कशाचीच ओढ नव्हती. दोघी निघाल्या म्हणून मी निघाले.

मोटारीचा रस्ता होता, पण जुनी वाट वेगळी. ती सागाच्या जंगलातून उतरत पैनगंगेच्या काठाला जायची. शेजारच्या तांड्यातले एक म्हातारे बाबा दरवर्षी मार्गशीर्षात त्या वाटेनं माणसं न्यायचे. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच वाटेनं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. नदीपलीकडचा मुलूख तेव्हा हैदराबादकडे होता, आणि जकातीच्या नाक्यावर बैल कसे अडवत हे ते चालता चालता सांगायचे. आता नाका उठला होता. बाबा कुणाकडून काही घेत नसत. वाट मोडू नये म्हणून चालतो, एवढंच म्हणायचे.

पहाटे निघालो. थंडी कडक होती. बाबा पुढे, आम्ही तिघी मागे. ते सारखं काही ना काही सांगत होते. इथं पाय जपून टाका, या झुडपाला हात लावू नका, अस्वलानं माती उकरलेली आहे तर मोठ्यानं बोलत चला. सिस्टर आणि आपा निमूट ऐकत होत्या. मला मात्र त्याचा राग येऊ लागला. वर्गात चाळीस मुलींना हुकूम सोडणारी मी, आणि इथं हा म्हातारा मला चालायला शिकवत होता. दहा वाजेपर्यंत मी त्यांना उत्तर द्यायचंही सोडलं होतं.

दुपार व्हायच्या आत नदीवर पोचलो. आमच्या वाटेला पूल नव्हता, उतारानंच, म्हणजे उथळ पाण्यातून चालत, पलीकडे जायचं. अलीकडच्या काठावर अर्जुनाचं एक प्रचंड झाड होतं, आणि त्याच्या उंच फांदीला आग्या मोहोळाची तीन पोळी लटकत होती, काळी, सुपाएवढी. बाबांनी झाडाकडे काठी दाखवली.

"ह्या झाडाखाली इस्तो पेटवू नोका. च्या करा लागला तं थ्या खडकावर करा. मी पानी पाहून येतो."

ते उतार पाहायला पाण्यात शिरले. आपा वरच्या बाजूला हातपाय धुवायला गेली. सिस्टर भांडं घेऊन डोहाकडे पाणी आणायला गेली. मी खडकावर तीन दगड मांडले, पण तिथं वारा होता. काडी विझली. दुसरी विझली. बोटं थंडीनं काम करत नव्हती. मी वर पाहिलं. झाडाचा बुंधा इतका रुंद होता की त्याच्या आडोशाला वाऱ्याचा स्पर्शही नव्हता, आणि पोळी तर केवढी उंच. एवढ्याशा जाळानं काय होतंय, असं मी मनात म्हटलं. खरं सांगायचं तर बाबांनी मना केलं होतं म्हणूनच मला तिथं पेटवावंसं वाटलं.

जाळ लागला. पाचोळा ओला होता, त्यामुळे धूर झाला. मी फुंकर घालत राहिले.

आधी आवाज आला. वर पाहिलं तर पोळं हलताना दिसलं, पाण्यावर वारा गेल्यासारखं. मग त्याचा एक तुकडा सुटला आणि खाली आला. पहिली माशी भुवईवर डसली. मी उभी राहिले, आणि नुसती उभीच राहिले. पळायचं सुचलं नाही. तोंडावर हात धरून मी तिथंच गोल फिरत होते.

नितळ पाण्यासाठी सिस्टर डोहात कमरेइतकी उतरली होती. ती तिथंच बुडी मारून बसली असती तर तिला फारसं काही झालं नसतं. ती पाण्याबाहेर आली, काठ चढली, माझ्यापर्यंत आली. तिनं स्वतःच्या डोक्यावरचा ओला पदर ओढून माझ्या तोंडावर टाकला आणि मला ढकलत, ओढत पाण्यापर्यंत नेलं. पदर माझ्यावर होता. तिचं डोकं, मान, पाठ उघडी होती.

डोहात आम्ही किती वेळ होतो सांगता येत नाही. श्वास घ्यायला नाक वर काढलं की माश्या तयार. बाबा ओरडत आले. खांद्यावरचं घोंगडं त्यांनी पाण्यात बुचकळलं आणि आमच्या दोघींच्या डोक्यावर ओढलं. त्या घोंगड्याच्या अंधारात सिस्टरचा श्वास मला ऐकू येत होता. तो बरोबर नव्हता.

माश्या पांगल्यावर बाबांनी तिला खालच्या बाजूला वाळूवर निजवलं. आपा धावत आली. माझ्या तोंडाला, हातांना वीस-पंचवीस डंख असतील. सिस्टरच्या मानेवर आणि पाठीवर जागा उरली नव्हती. एक पापणी मिटली होती, ओठ सुजत चालले होते. पण ती शुद्धीवर होती, आणि आपाला सांगत होती की काटे नखानं खरवडून काढ, चिमटीत धरू नकोस, आणि मला आडवी ठेवून दवाखान्यात न्या. पुढं जीभ जड झाली, शब्द कळेनासे झाले. आमच्यात औषधपाण्याचं कळणारी ती एकटीच, आणि आता तीच बोलत नव्हती.

"पीछे जायेंगे तो शाम होगी," आपा म्हणाली. "पलीकडेच चला."

पलीकडे वस्ती होती, वस्तीत बैलगाडी मिळाली असती. बाबांनी सिस्टरला पाठीवर घेतलं, आपानं गाठोड्यातल्या लुगड्यानं तिला त्यांच्या अंगाशी बांधलं आणि मागून आधार दिला. बाबांची काठी माझ्या हाती आली. उताराचा तळ चाचपत मला पुढं चालायचं होतं. मला पाण्याची भीती होती, पोहता येत नव्हतं. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मधोमध ओढ इतकी होती की काठी टेकायच्या आत वाहून जायची. बाबा मागून हळू सांगत होते, डाव्या अंगाला, आता थांब, आता पाय टाक. या वेळी मी त्यांचा प्रत्येक शब्द पाळला. मागून सिस्टरचा घरघरणारा श्वास ऐकू यायचा, आणि तो थांबला की मीही थांबायचे.

वस्तीतल्या लोकांनी बाज आणली, गाडी जुंपली. जमलेल्यांतल्या एकानं बाबांना विचारलं, "धूर कोनं केला?"

मी रडत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मीनं बिडी पेटवली होती," ते म्हणाले.

माहूरच्या दवाखान्यात सुई दिली, रात्रभर सलाईन चाललं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं पाणी मागितलं तेव्हा आपा खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. गड आमच्या डोक्यावर होता. दर्ग्यावर चादर चढवायला आपा एकटी जाऊन आली. मी देवीच्या पायऱ्या चढले नाही.

सिस्टर वाचली. डाव्या डोळ्याची पापणी मात्र कायमची थोडी मिटलेली राहिली. गावात परतलो तेव्हा बिडीची गोष्ट आमच्या आधी पोचली होती. म्हाताऱ्यानं बाया मारल्या असत्या, असं लोक म्हणू लागले. बाबा बाजाराच्या दिवशी आले तर कुणी त्यांच्याशी धड बोलेना. मी हे पाहत होते. शेवटी एका रविवारी तांड्यावर गेले आणि म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगते.

"राहू दे, याडी," ते म्हणाले. आईला त्यांच्यात याडी म्हणतात, बाबा सगळ्याच बायकांना तशीच हाक मारायचे. "तू मास्तरीन हायेस. पोरी तुह्यापाशी शिकून राह्यल्या. मह्यं काय, मी म्हातारा मानूस."

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं.

मला राहवलं नाही म्हणून सिस्टरला मात्र सांगितलं. ती दवाखान्याच्या ओसरीवर सुया उकळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले माहीत हाय. मी डोहातून तुले फुंकताना पाह्यलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतं थे पाहून राह्यली होती." मग चिमट्यानं सुया काढत म्हणाली, "मले सांगून काय होते? ज्याचं नाव खराब झालं त्याचं पाह्य."

तरीही मी पावसाळा काढला, दिवाळी काढली. मार्गशीर्ष आला. माहूरला जाणाऱ्या बायका देवळाच्या ओट्यावर बसून बोलत होत्या. यंदा मोटारीनंच जाऊ, त्या बिडीवाल्याच्या मागं कोण जातं, असं चाललं होतं. सिस्टर तिथंच बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी उभी राहिले. धूर मी केला, बाबांनी मना केलं असतानाही केला, त्यांनी त्या दिवशी बिडी पेटवलीच नव्हती, असं सगळं सांगून टाकलं.

मग एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "मंग सालभर चूप काहून बसली?"

"भेव वाटत होतं," मी म्हटलं.

त्याचे परिणाम झाले. दोन घरांनी मुली माझ्या वर्गातून काढल्या. शाळेच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी बोलावून बरंच ऐकवलं. बाजारात मला पाहून बायका कुजबुजायच्या, आणि त्याला कितीतरी महिने लागले थांबायला. त्या वर्षी बाबांबरोबर नऊ जण गेले. सिस्टर गेली, आपाही गेली. मला कुणी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. आपानं परत आल्यावर एवढंच सांगितलं की मोहोळं यंदा पाच आहेत.

त्याच्या पुढच्या वर्षी बाबा स्वतः शाळेच्या फाटकापाशी आले. मधली सुट्टी होती. मी बाहेर गेले तर त्यांनी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"सोमवारी निंगतो. येतं काय?"

मी हो म्हटलं. सोमवारी सकाळी आम्ही अकरा जण होतो, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत माहूरला पोचलो.