कॅप्टनचा गोलपोस्ट

खेळाबाहेर बसलेलं माणूस कॅप्टनला बघवत नसे. पायाला लागलं म्हणून, आईने मारलं म्हणून किंवा नुसताच रुसून कोणी कडेला बसला, की ती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची. "खेळत नाहीस? बरं. मग पोस्ट हो." आमच्या फुटबॉलचे गोलपोस्ट म्हणजे एरवी मातीत ठेवलेले दगड. त्यातला एक दगड ती बाजूला करायची आणि त्याच्या जागी त्या मुलाला बसवायची. प्लास्टरमधला पाय घेऊन मुलं पोस्ट झाली, रडून डोळे सुजलेल्या मुली पोस्ट झाल्या, एकदा तर कोणाचे तरी आजोबा खुर्चीसकट पोस्ट झाले. मलेरियातून उठल्यावर मीही झालो. चेंडू अंगावर आपटला तरी हलायचं नाही, एवढंच काम. खेळ संपल्यावर शेंगदाणे वाटले जायचे तेव्हा पोस्टचा वाटा आधी निघायचा. "पोस्ट नसता तर गोल कसा कळला असता?" असं ती विचारायची.

हे नायजेरियातल्या कडुना शहरातलं. माझे पप्पा वसईहून तिथल्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून गेले होते. रस्त्याच्या एका बाजूला गिरणीची क्वार्टर्स, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्यांची लांब रांग, आपल्याकडच्या बैठ्या चाळीसारखी, आणि मधे लाल मातीचं मोकळं मैदान. गिरणीच्या हौसा वॉचमनचा मुलगा मुसा, योरुबा शिंप्याची जुळी ताईवो आणि केहिंदे, लेबनीज दुकानदाराचा फादी, मी आणि माझी धाकटी बहीण लिझा. अशी आमची टोळी. कॅप्टन त्या खोल्यांमधली, इग्बो जमातीची. तिचं खरं नाव एन्गोझी. तिची आई कोपऱ्यावर चवळीचे वडे तळायची आणि ते आपल्या डाळवड्यांचे सख्खे भाऊ वाटायचे. कॅप्टन माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी, काटकुळी, गुडघे कायम सोललेले. तिला कॅप्टन कोणी निवडलं नव्हतं. ती होतीच.

माझं नाव तिने कधी घेतलं नाही. मी 'इंडिया'. "इंडिया, झोपलास काय? ओया, पळ!" ओया म्हणजे चला. इथे शारजात दिवसभर यल्ला यल्ला ऐकताना मला अजून आतून ओया ऐकू येतं. ती पिजिन, म्हणजे तिथली मोडतोड इंग्रजी, बोलायची, तिच्या तोंडची वाक्यं मी मराठीतच देतो. त्यातला ठसका मात्र मला आणता येणार नाही.

सगळे आल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, हा तिचा नियम. शुक्रवारी मुसा बापाबरोबर नमाजाला जायचा, तो येईपर्यंत आम्ही उन्हात उभे. रविवारी आम्ही चर्चमधल्या मिस्साहून येईपर्यंत मुसा उभा. फादीच्या घरचं जेवण फार लांबायचं, तेव्हा सगळी फौज त्याच्या खिडकीखाली जाऊन, तो घास कसा गिळतो ते बघत बसायची. जुळे कंटाळून म्हणायचे, "एवढे जण आहोत ना, सुरू करू या." कॅप्टन म्हणायची, "खेळ कुठे पळून जातोय?"

लिझा तेव्हा इतकी लहान होती की पकडापकडीत आऊट झाली की भोकाड पसरायची, आणि तिला सांभाळायचं म्हणून मीही खेळातून उठायचो. एकदा मी कॅप्टनला सांगितलं, आमच्याकडे अशा लहान पोराला कच्चा लिंबू म्हणतात. तो सगळ्यांबरोबर खेळतो, पण आऊट होत नाही.

"लिंबू म्हणजे?"

"लेमन."

ती पोट धरून मातीत बसली. हसणं ओसरल्यावर मात्र एकदम गंभीर झाली. "आणि हा लिंबू पिकतो कधी?"

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तिनेच ठरवलं. "ज्या दिवशी तो स्वतः म्हणेल की मला आऊट धरा, त्या दिवशी पिकला." तेव्हापासून त्या मैदानावर हौसा, योरुबा, इग्बो, लेबनीज सगळी पोरं लहानग्यांकडे बोट दाखवून "लिंबू! लिंबू!" ओरडू लागली. आईला स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि ती हसायची.

मग शहरात दंगल सुरू झाली. कोण कोणाला का मारतंय हे मला कळत नव्हतं. उत्तरेतले हौसा आणि दक्षिणेतले इग्बो, मशिदीतले आणि चर्चमधले, एवढंच मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडायचं. शाळा बंद झाली म्हणून आम्ही सकाळीच खेळायला उतरलो. कॅप्टनची टीम एका गोलने मागे होती. तेवढ्यात गिरणीची व्हॅन आली आणि पप्पांनी मला दंडाला धरून आत ढकललं. गिरणीतली भारतीय कुटुंबं गेस्ट हाऊसवर न्यायची होती. आईने तिची शिलाई मशीन सोडायला साफ नकार दिला. शेवटी ती मशीन चादरीत गुंडाळून एका सीटवर ठेवली. ड्रायव्हर ओरडत होता, डोकी खाली घ्या. कॅप्टन खिडकीपर्यंत धावत आली. "इंडिया! गेम संपला नाही!" पप्पांचा हात माझ्या मानेवर होता. मी वर बघितलं नाही. माझ्या नजरेसमोर मशीनचा लोखंडी पाय होता.

गेस्ट हाऊसच्या गच्चीवरून आमच्या मैदानाच्या दिशेला धूर दिसला. आम्ही तिथूनच परस्पर मुंबईला आलो. पुढे पप्पांच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की ती खोल्यांची रांग जळून गेली. माणसांचं काय झालं, असं आईने विचारलं. ते म्हणाले, माणसांचं काही कळलं नाही. त्यानंतर आमच्या घरात कडुनाचा विषय निघाला नाही.

मी काही केलं नव्हतं. एवढासा मुलगा काय करणार, हे मलाही समजतं. पण एका माणसाची जागा मशीनला मिळाली, हे डोक्यातून गेलं नाही. वसईच्या घरी आई मशीन चालवायला बसली की मी उठून बाहेर जायचो. तिला वाटे, मला आवाजाचा त्रास होतो. तिने त्याच मशीनवर लिझाचा लग्नातला झगा शिवला आणि सगळे कौतुक करत असताना मी बाहेर ओट्यावर उभा होतो. पुढे नोकरीसाठी इथे आलो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत मीही स्टोअरच बघतो. तिथे माल घ्यायला नायजेरियन ड्रायव्हर येतात, चहा पिऊन जातात. तुम्ही कुठले, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. कडुना म्हणाले असते तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता.

आमच्या शारजातल्या बिल्डिंगमागे वाळूचा एक प्लॉट आहे. अर्ध्यात गाड्या, उरलेल्या अर्ध्यात पोरं. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी ऑफिसमधून येऊन गाडी लावत होतो. प्लॉटवर मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो अशी सगळी मिसळ चेंडू मारून आऊट करायचा खेळ खेळत होती. एवढ्यात एक काळीसावळी, भरपूर वेण्या घातलेली मुलगी एका छोट्याकडे बोट दाखवून ओरडली, "ही इज लिंबू! लिंबू कॅनॉट बी आऊट!"

मी गाडीचं दार उघडं टाकून उभा राहिलो. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घर आमचं एकट्याचं, आणि आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला लिंबू म्हटलं तर सरबत आठवेल.

"हे कोणी शिकवलं तुला?" मी तिला विचारलं.

"इट्स ग्रँडमाज रूल, अंकल," ती म्हणाली आणि पळाली.

तिचा बाप एका गाडीला टेकून फोनवर बोलत होता. विशी सरत आलेला तरुण, एअरपोर्टच्या कार्गोत काम करणारा, हे मला नंतर कळलं. परका माणूस मुलीशी बोलतोय म्हटल्यावर तो झपाझप आला. "येस, सर? गाडीला बॉल लागला का?"

ग्रँडमा जिवंत आहे का, एवढं विचारायचं होतं. पण तो कडुनाच्या मैदानातला शब्द, तिथल्या सगळ्याच पोरांना माहीत असलेला. ही आजी कोणीही असू शकत होती. शेवटी मी विचारलं, "तुमच्या आईला कोणी कॅप्टन म्हणायचं का?"

तो हसायला लागला. "म्हणायचं? अजून म्हणतात. पूर्ण चर्च म्हणतं. पण तुम्हाला कोणी सांगितलं, सर?"

मी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकले. त्याने मला पाण्याची बाटली आणून दिली.

इथून नायजेरियाला फोनवरचे फुकट कॉल लागत नाहीत, म्हणून व्हॉइस नोट पाठवायचं ठरलं. मी बाल्कनीत जाऊन पुन्हा पुन्हा पुसून रेकॉर्ड केलं. व्हॅन, मशीन, मी वर न बघितलेलं, सगळं सांगितलं. आत ग्रेटा, माझी बायको, भाजी चिरता चिरता थांबली होती. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, आणि हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं. मी आत आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वसईला मशीन सुरू झाली की तुम्ही उठून जायचात, ते ह्यासाठी होय?" आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मी दुबईच्या रोजच्या जाममध्ये उभा होतो. फोन कानाला लावला.

"इंडिया!" आवाज जाड झाला होता, पण हाक तीच. मग नुसतं हसणं, बराच वेळ. "तुझ्या आईची मशीन? अरे, माझा ईस्टरचा फ्रॉक त्याच मशीनवर शिवला होता तिने! बरं झालं नेली. राहिली असती तर जळली असती. आणि आम्ही काय तुमच्या व्हॅनची वाट बघत बसलो होतो? तुमची व्हॅन वळली आणि आम्ही भिंतीवरून मुसाच्या घरात. त्याच्या बापाने आम्हाला आतल्या अंगणात ठेवलं, त्याच्या बायकांनी आपले कपडे घातले आम्हाला. बाहेर लोक ओरडत होते, आणि म्हातारा दारात खाट टाकून बसला होता. म्हणत होता, आत माझ्या घरच्या बायका आहेत, कोणी पाऊल टाकायचं नाही. मला कंटाळा आला, म्हणून मी मुसाच्या बहिणींची टीम केली. बेकार खेळायच्या, अगदी बेकार!"

मग आवाज खाली आला.

"ऐक. त्या दिवशी तू लिंबू होतास. लिंबू आऊट होत नाही. इतकी वर्षं 'मला आऊट धरा, मला आऊट धरा' करत बसलायस, म्हणजे आता पिकलास. पण ते आता. मी मागचं धरत नाही. आणि तो गेम तू सोडून गेलास, म्हणजे मी जिंकले."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग त्याच्या मागच्याने. पुढे रस्ता मोकळा झाला होता आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होतो. शेजारच्या लेनमधल्या पठाण ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "भाई, तबियत ठीक है?" मी त्याला सांगितलं, बहुत ठीक है.

जानेवारीत ती मुलाकडे आली. मी आणि ग्रेटा प्लॉटवर गेलो तेव्हा ती नातीच्या मागे ओरडत उभी होती. डोक्याला झगझगीत कापड बांधलेलं, कमरेला छापील लुंगी आणि पायात मुलाचे स्पोर्ट शूज. चांगली भरली होती. मला वाटलं होतं, मिठी मारेल, डोळे पुसेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. तिने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि पोटावर बोट टोचलं. "इंडिया, तू लिंबू नाहीस, भोपळा झालास."

ग्रेटा जोरात हसली. कॅप्टनने तिला विचारलं, "तू खेळणार?" ग्रेटा म्हणाली, "मी? नाही, नाही, मी बघते." झालं. कॅप्टनने दगड उचलला, ग्रेटाला पर्ससकट त्या जागी उभं केलं आणि समोरच्या दगडाकडे मला बोट दाखवलं. "पोस्ट." नंतर फोन काढून कोणाला तरी मोठमोठ्याने सांगू लागली. हौसा मला आता येत नाही, पण त्यात मुसाचं नाव आणि इंडिया, एवढं कळलं.

मी वाळूत मांडी घातली. खेळ मात्र सुरू होईना. पाकिस्तानी मुलगा अजून क्लासहून यायचा होता. "यल्ला, अंधार पडेल!" बाकीची पोरं ओरडत होती. कॅप्टनची नात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वी आर वेटिंग." शेवटी तो पळत पळत आला, दप्तर माझ्याजवळ टाकलं, आणि पहिलाच चेंडू सुसाट येऊन माझ्या खांद्यावर आपटला. ग्रेटा पलीकडून ओरडली, "लागलं का हो?" लागलं होतं.

मी हललो नाही.