आईच्या साडीचा आमसुली

मुलाच्या लग्नात आईची आमसुली साडी नेसायची, हे मी त्याचं लग्न ठरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. ब्लाउज तेवढा नवा शिवायचा होता.

"साडी सोबत घे," स्कूटर काढताना नवरा म्हणाला.

"कशाला? ज्या पदराला लहानपणी नाक पुसलं, त्याचा रंग मला माहीत नाही होय?"

राजेंद्र नगरपासून स्नेहलतागंजपर्यंत मी तो रंग डोक्यात धरून मागे बसले. सांडेल म्हणून बोललेसुद्धा नाही. मॅचिंग सेंटरवाल्याने काउंटरवर अकरा तुकडे टाकले. आमसुली म्हणजे काय, ते त्या हिंदी बोलणाऱ्याला कळेना.

"वाइन बोलो ना आंटीजी!"

माझ्या आईच्या साडीला वाइन! मी रागारागाने त्यातला एक उचलला. घरी येऊन साडीवर ठेवला, तर चक्क जांभळा.

आता कुठलीही शहाणी बाई साडी घेऊन गेली असती. मी तो चुकलेला तुकडा घेऊन गेले. "भिया, इससे थोड़ा कत्थई की तरफ," असं, म्हणजे जरा काथाच्या रंगाकडे झुकणारा हवा, असं सांगितलं. म्हणजे मूळ रंग लक्षात ठेवायचा, वर आपली चूक किती होती तेही. या खेपेला जे आणलं त्याला विटेचा रंग म्हणतात.

गंमत बघा, दोन शेड शेजारी ठेवा, मी केसाएवढा फरक पकडते. पण कपाट बंद केलं की डोक्यात रंग राहत नाही, रंगाचं नाव राहतं. आणि ते नाव मेलं अकराच्या अकरा तुकड्यांना चिकटतं.

"अक्कल आणि साडी, दोन्ही घरी ठेवून निघतेस," नवरा म्हणाला. मला फार लागलं ते.

तिसऱ्या खेपेला साडी नेली. दुकानदाराने एक तुकडा काढून घडीवर ठेवला आणि तो साडीत दिसेनासाच झाला. मी दारात, उन्हात नेऊन पाहिलं. तंतोतंत जुळत होता. पण हा असला रंग मी ओळखलाच नसता. रस्त्यात कोणी ही साडी नेसून समोरून गेली असती, तर मी वळूनही पाहिलं नसतं. आईची साडी इतकी मळकट नव्हतीच कधी! साडी छातीशी धरून मी भर दुकानात रडायला लागले.

दुकानदार घाबरला. "अरे आंटीजी, रोओ मत. पसंद नी आया तो बदल देंगे."