हौदातली लाल पिल्लं

बेंबळीच्या बाजारात महांतप्पाचं भुसाराचं दुकान होतं. मठाचा हौद मात्र त्यानं आपणहून अंगावर घेतलेला. त्या हौदाचं पाणी रोज लिंगावर जाई. ते हिरवं पडू नये म्हणून त्याच्या वडिलांनी तेरणा नदीतले दगड चाटणारे मासे आणून सोडले होते. बोटभर, मातकट, तोंड खाली वळलेलं. ते दिवसभर भिंतीला चिकटून शेवाळ खरडत आणि वर रुपेरी मासे लाह्यांसाठी उसळत. महांतप्पाला खालचे जास्त आवडत. तळाशी कुणीतरी मुकाट आपलं काम करत आहे, एवढं पाहूनच त्याला बरं वाटे.

हौदातला मासा मारायचा नाही, असा दंडक होता. माशांबद्दल त्याला याहून फारसं ठाऊक नव्हतं. त्याच्या घराण्यात कधी मासा शिजला नव्हता. मासे लाह्या खातात, शेवाळ खातात. मासा माशाला खातो, हे त्याच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं.

निजामाच्या अमलाची ती अखेरची वर्षं. पावसाळा सरताना तेरहून परतत असता नदीच्या उथळ पाण्यात त्याला कुंकू सांडल्यासारखा लाल पिल्लांचा थवा दिसला. उपरण्यानं गाळून त्यानं तो घागरीत घेतला आणि हौदात सोडला. मठातले स्वामी म्हणाले, "शोभा आणलीस, महांतप्पा."

पिल्लं वाढली तसा लाल रंग गेला. काळपट, लांबोडकी होऊन ती पायऱ्यांच्या कपारीत बसू लागली. उन्हाळ्यात दगड चाटणारे मासे कमी झाले आणि पाणी हिरवं पडलं. एका दुपारी लाह्या टाकताना महांतप्पाला कपारीतून सापासारखं डोकं बाहेर येताना दिसलं. त्यानं भिंतीवरचा एक मासा आडवा धरला. त्याची शेपटी बराच वेळ तोंडाबाहेर हलत होती. महांतप्पा हातातल्या लाह्यांसकट खाली बसला. ती लाल पिल्लं मरळीची होती, दुसरे मासे खाऊन वाढणाऱ्या माशाची. लिंगाच्या पाण्यात मांस खाणारं त्यानंच आणून सोडलं होतं.

संध्याकाळी मठात तोच विषय निघाला. पोलीस पाटील शिवप्पा म्हणाला, "मासे जातील कुठं? सिताबाईची वाट हौदावरनंच हाय की." सिताबाई भोयाची, बाजारात मासळी विकणारी. सगळ्यांनी महांतप्पाकडं पाहिलं, कारण हौद त्याचा.

"असंल," महांतप्पा म्हणाला.

पुढच्या बाजारात सिताबाईला बसू दिलं नाही. शिवप्पानं तिची टोपली पायानं कलंडवली. महांतप्पा दुकानात होता; त्यानं ज्वारीच्या पोत्याकडं तोंड फिरवलं. घरी रुद्रम्मानं त्याला विचारलं, "आवो, तुमी बघितलं व्हतं का तिला?"

"गाव म्हणतंय."

"गाव तर तुमचं नाव सांगतंय."

त्या दिवसापासून जेवताना तो बायकोकडं पाहीना. हौदाला वास येऊ लागला, अभिषेकाचं पाणी बाहेरून आणावं लागलं, तेव्हा एका सोमवारी तो मठात उभा राहिला. "ते लाल मासे म्या आणले. तेच बाकीच्यांना खातायत. सिताबाईनं कायबी केलं न्हाय. मला तवाच ठाऊक होतं."

शिवप्पा हसला. "आप्पा, वाण्यानं मासं पाळल्यावर दुसरं काय व्हणार?" सगळे हसले. स्वामींनी हौद धुवायला सांगितला. एक पान चघळून होईतो सगळं मिटलं. शेवटच्या वाक्याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

आता मरळी धरायच्या कुणी? निरोप सिताबाईकडंच गेला.

मोटेनं पाणी गुडघ्यापर्यंत उतरवलं होतं. ती जाळं घेऊन आत शिरली. काठावरून कुणी ओरडलं, "हौदात मारू नको गं."

"मारत न्हाय. घरी नेऊन मारते."

ऊन चढलं तशी माणसं पांगली. महांतप्पा पायरीवर उभा होता. सिताबाईनं हातभर मरळ वर धरली. "आप्पा, ही लेकरं तुमची म्हणं. लई चांगली पोसलीत."

"माझं चुकलं, सिताबाई."

"मठात म्हणला न्हवं? झालं की मग." तिनं मरळ टोपलीत टाकली. "बाजारात सांगाया कुनी आलं न्हाय, एवढंच."

टोपलीवर ओलं फडकं बांधून ती म्हणाली, "जरा हात लावा."

बाईमाणूस ओझं उचलत असताना जवळ असेल त्यानं हात लावायचा, ओझ्यात काय आहे ते विचारायचं नाही, अशी इकडची रीत. महांतप्पा वाकला. त्याचे हात टोपलीच्या काठाशी गेले आणि त्याच वेळी त्याची मान वर वळली, कोण पाहत आहे ते बघायला.

तेवढ्यात सिताबाईनं टोपली गुडघ्यावर घेतली, गुडघ्यावरून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर. ती पायऱ्या चढून गेली. वर काठावर कुणीही नव्हतं.