बानूबाईचा सोमवार

बेंबळीजवळच्या एका वाडीत महादेवाची पूजा गुरवांच्या सहा घरांत फिरे. रोज एका घराची पाळी. पण भाविकांच्या शिध्यानं पाळीवाल्याचं सूप भरायचं ते सोमवारीच, आणि तो सोमवार प्रत्येक घराला बेचाळीस दिवसांनी मिळे. सहा आणि सात यांचा लसावि बेचाळीस, हे वाडीला पहिल्यांदा सांगितलं बानूबाईनं.

सातवी शिकलेली, तरुणपणीच विधवा झालेली ही बाई आपली पाळी स्वतः करी. तिच्या घरातलं पीठमीठ बरंचसं त्या सोमवारावर चाले. धाकटा दीर उत्तरेश्वर तिच्याच हाताखाली वाढला; आता त्याचं घर वेगळं, पाळीही वेगळी. त्याचे पाढे, त्याचा लसावि तिनंच चुलीपुढं घटवून घेतला होता. उरलेले चार वाटेकरी नोकरीपायी बाहेरगावी. त्यांच्या पाळ्या तोच उरकी.

यंदा माघात तो कागद घेऊन आला. "वैनी, देवाचा म्हणून सातवा वाटा काढू. त्या दिवशीचं सगळं कळसाच्या कामाला. चौघांनी व्हय म्हणलंय."

बानूबाईनं मनात सात साते एकोणपन्नास केले. सोमवार आठवडाभर लांबतोय. देवासाठी तेवढं सोसवेल. "लई चांगलं सुचलं रं तुला," म्हणत तिनं सही केली.

नवी पाळी सोमवारी सुरू झाली. पहिला मान उत्तरेश्वरानं घेतला. तिला बुधवार आला. पुढच्या खेपेलाही बुधवार. तिसऱ्या बुधवारी पिंडीवर पाणी घालता घालता तिचा हात थांबला.

त्यानंतरच्या सोमवारी ती देवळात गेली. उत्तरेश्वर गंध उगाळत होता.

"माझा सोमवार कधी रं?"

"वैनी, साताचा नि साताचा लसावि किती?"

"सात."

"मग? तुमचा बुधवार पक्का, माझा सोमवार. ध्यानात ठेवायची कटकट न्हाय."

"सही घेताना ठावं होतं तुला?"

"शिकवलंय कुणी?" तो हसला. मग मान खाली घालून उगाळतच राहिला. गंध केव्हाच पुरेसं झालं होतं.

"म्या एकोणपन्नास धरले," ती म्हणाली. "कागद तू आणलेला, म्हणून ताळा केला न्हाय."

ती बाहेर आली नि पायरीशी थांबली.

बाहेर बायकांची रांग लागली होती. "काकू, आत जावा की, तुमचंच देऊळ," एकजण म्हणाली.

"आज न्हाय," बानूबाई म्हणाली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.