डॉक्टर जे म्हणालेच नव्हते

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. ती आत्ता शेजारच्या खोलीत आईला चहा देते आहे, आणि मी दार लोटून तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच, कारण तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही.

मी वाशीमला एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. परिस्थिती बदलली की माणूस तिच्याशी पुन्हा जुळवून घेतो. त्यासाठी इंग्रजीत शब्दांची चंगळ आहे. अ‍ॅडजस्टमेंट, रिअ‍ॅडजस्टमेंट, रिओरिएंटेशन. यांच्यातल्या बारीक फरकावर मी गावोगावी व्याख्यानं देतो. शाल-श्रीफळ मिळतं, पोरं जांभया आवरतात. आपल्याकडे या सगळ्याला 'जमवून घे' म्हणतात आणि तेही बायकांनाच म्हणतात, असं मी सांगतो. श्रोते हसतात. मग मी घरी येतो.

वडील गेल्यावर आई अनसिंगजवळच्या मळ्यात एकटी उरली. मी मळा बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिला, तिला वाशीमला आणलं. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. तिची अट एकच होती — मळ्यातली भाजी येईल, ती घेऊन मी बाजारात बसेन. वाशीमच्या आठवडी बाजारात कौसाबाईच्या शेजारी तिची जागा होती, लग्न होऊन आली तेव्हापासूनची.

मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून हो. त्या बाजारात माझे विद्यार्थी येतात. प्राचार्यांच्या सौभाग्यवती मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतात. श्रमप्रतिष्ठेवर मी फार रंगून बोलतो, ऐकायला या कधी. पण त्या बाईंनी माझ्या आईशी घासाघीस करायची — आणि मी तिथून जायचं?

एकदा आईला चक्कर आली. डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "काही नाही झालेलं. नीट जेवत नसतील. बाजारात बसतात ना? बसू द्या. रिकामं ठेवू नका त्यांना."

बाहेर आलो. ती बाकावरून उठली. "काय म्हने डाक्टर, बापू?"

इथं मला थांबावंसं वाटतं. थांबत नाही.

मी म्हणालो, "रिअ‍ॅडजस्टमेंट."

"हे कोनतं दुखनं?"

मी समजावलं. शरीराला नव्या जागेशी पुन्हा जुळायला वेळ लागतो. तोवर ऊन नको, धूळ नको, बाजार तर नकोच. किती सहज आलं तोंडातून! मराठीत हेच खोटं बोललो असतो, तर तिनं उलट विचारलं असतं. इंग्रजी शब्दाला तिनं मान दिला. पुढं शेजारणींना सांगायची, "मले रिअ‍ॅडजस्टमेंट झाली." जरा तोऱ्यातच. बीपी काय, सगळ्यांनाच असतं.

बाजारात एक रिवाज आहे. नेहमीची बाई आली नाही, तर शेजारीण त्या जागेवर तिचं पोतं अंथरते, वर दगड ठेवते. पोतं आहे तोवर तिथं कुणी बसत नाही. पण आठवड्यामागून आठवडे गेले, तर? हे मला ठाऊक होतं. लहानपणी त्याच पोत्यावर झोपलोय मी. मी वाटच पाहत होतो.

मग कौसाबाई घरी आली. "शांते, तुह्या जागेसाठी मसालेवाला भांडून राह्यला व. म्हंते, बाई येत नाई तं जागा कायले अडवता? मी किती दिवस त्याच्या तोंडी लागू? डाक्टर कवा सोडते तुले?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "सांग ना बापू. या बाजारी जाऊ?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. एक अक्षर पुरे होतं — जा. ते ओठांवर आलं होतं का? आलं होतं, असं मला म्हणता येईल. तपासायला कोण येणार? पण नव्हतं आलं. मी म्हणालो, "अजून नाही. मध्येच सोडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

हे शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथं रचलं.

पुढच्या बाजारानंतर कौसाबाईनं पोतं आणून दिलं. आईनं ते गॅलरीत झटकलं, घडी घातली. "तू तरी किती भांडशीन व," एवढंच तिला म्हणाली.

त्याला वर्षं लोटली. आई बसून असते. बसून बसून गुडघे गेले, जिना उतरताना दम लागतो. आता नवे डॉक्टर खरोखरच सांगतात, उन्हात नको, गर्दीत नको.

परवा त्यांच्याकडून परतताना रिक्षात ती म्हणाली, "तो पहिला डाक्टर हुशार होता रे. त्याले तवाच समजलं होतं."

मी म्हणालो, "हो. हुशार होते ते."