जेलचं गाणं

जिनेंद्र मगदूमचा राग तोंडाला येत नसे, हाताला येई. हुपरीत घरोघरी चांदीचं काम. ह्याच्या घरी पैंजणांना घुंगरं जोडायची. राग आला की हात थरथरायचा आणि घुंगरू वाकडं बसायचं. मग तो फुंकणी खाली ठेवायचा, आतल्या खोलीत जाऊन बेंजोची वायर लावायचा, आणि गल्ली समजून जायची, मगदुमाचं आज कुणाशी तरी बिनसलंय.

बेंजो म्हणजे आपला मिरवणुकीतला. एका हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या, आणि आवाज टेम्पोवरच्या भोंग्यातनं सगळ्या पेठेला ऐकवायचा. जिनेंद्रची पार्टी लग्नात वाजवायची, गणपतीत वाजवायची. पण तिचं नाव झालं ते एका इंग्रजी गाण्यानं.

ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या एका टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागत. जिनेंद्र पहिल्या एसटीनं जायचा. इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही, तो गिटारसाठी बसायचा. एका पिक्चरमध्ये बिनगुन्ह्याचा माणूस जेलातनं सुटतो. फाटक उघडतं. न्यायला कुणी आलेलं नसतं. तो उभा राहतो, रिकाम्या रस्त्याकडं बघतो, आणि तिथं ते रॉकचं गिटार सुरू होतं. शब्द नाही, रडणं नाही. माणूस पिशवी उचलतो आणि चालायला लागतो. ते गिटार कुणाची कीव करत नव्हतं, सगळ्या दुनियेशी भांडत होतं. पिक्चर उतरेपर्यंत जिनेंद्र दर रविवारी त्या एका सीनसाठी गेला आणि गाणं बेंजोवर बसवूनच थांबला. गावानं त्याला नाव दिलं, जेलचं गाणं.

त्याच सुमाराला त्याची थोरली बहीण अक्काताई सासर सोडून निघाली. तिकडं मार होता, आणि मार खाऊन वर उपास होते. तिनं कंडक्टरकडनं निरोप धाडला, येत्ये म्हणून. वडील म्हणाले, "येऊ दे. पण अंधार पडल्यावर, मागच्या दारानं."

जिनेंद्रचे हात थरथरले ते तेव्हा. भर दुपारी त्यानं पार्टी एसटी स्टँडवर नेऊन उभी केली. लेक सासरी जाताना वाजवतात, सून घरात येताना वाजवतात. नवऱ्याला टाकून आलेल्या लेकीसाठी कुणी वाजवल्याचं हुपरीनं ऐकलं नव्हतं. त्यात सुपारी नाही. बेंजोवाल्याला घरचा माणूस सुपारी हातात देतो, मगच तो वायर लावतो. सुपारी घेतली की मोडायची नाही, आणि सुपारीबिगर वाजवायचं नाही, हा धंद्याचा रिवाज. त्यानं तो मोडला. अक्काताई एसटीतनं उतरली, बेंजो सुरू झाला. ती दचकली, थांबली, मग पदर सारखा केला आणि बाजारपेठेच्या मधनं घरापर्यंत चालत आली. पुढच्या दारानं.

वडिलांनी बोलणं टाकलं. लग्नाच्या बऱ्याच सुपाऱ्याही गेल्या. पण अक्काताई कामाला बसली ती बसलीच, आणि वडिलांच्या मागं सगळं घर तिनंच हाकलं. घरात आजही तिचा शब्द शेवटचा असतो.

दोन वर्षांमागं यशराज नावाचा पुण्याचा दिग्दर्शक गणपतीच्या मिरवणुकीत ते गाणं ऐकून हुपरीला घरी आला. ज्वारीची भाकरी खाल्ली, स्टँडवरची हकीकत ऐकली आणि ताटावरच डोळे पुसले.

"काका, हेच गाणं आणि हाच सीन. बाहेरच्या कंपनीकडून हक्क घेतो मी. आधी मूळ गिटार, मग त्यावर चढत जाणारा तुमचा बेंजो. पोरगी माहेरी येते..."

राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत जिनेंद्रनं वाजवून दिलं. घरी आल्यावर अक्काताईनं विचारलं, "पिक्चरमधी कुठं घालणार हाय ते बघितलास काय?"

"अक्का, सुपारी घेटल्यावर दार कुठलं ते इचारत नसत्यात."

"व्हय की. म्हंजे तुला कुणीबी कुठंबी न्हिऊन बशीवलं तरी चालतंय."

तिथंच तो चुकला. जन्मभराची सवय नडली.

पिक्चर कोल्हापुरात लागला. पहिला खेळ दुपारचा. खेळाच्या शेवटाला हिरो येणार, दारात बेंजोनं त्याचं स्वागत करायचं, गाणं तेच. त्याचीही सुपारी यशराजनं रीतसर दिली होती. पार्टी बाहेर तयार होती. जिनेंद्र आणि अक्काताई आत बसले होते.

पडद्यावरची पोरगी नवऱ्यानं थोबाडीत मारली म्हणून माहेरी आलेली. जिनेंद्र सरसावून बसला. आता एसटी, आता स्टँड. तर जीप आली. हिरो उतरला, तोच तिचा नवरा, पोरीच्या आईला बाजूला सारून आत घुसला, आणि पोरगी पोत्यासारखी खांद्यावर टाकून बाहेर निघाला. तेवढ्यात गिटार सुरू झालं. सगळं संथ, धूळ उडालेली, हिरोचा गॉगल चमकतोय. पोरगी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारते. मग बेंजो चढला, जिनेंद्रचा बेंजो, आणि बुक्क्या मारता मारता ती पोरगी लाजून हसली. थिएटर शिट्ट्यांनी फुटलं.

शिट्ट्या थांबल्या. मग अक्काताई म्हणाली, "जिनू, त्या पोरीला हसायला कुणी सांगिटलं रं?"

जिनेंद्र उठला.

"तू हो म्होरं," ती पायांनी चपला शोधत म्हणाली. "माझं गुडघं हाइत, मी सावकाश येत्ये."

यशराज बाहेरच्या पायऱ्यांपाशी हार घेऊन उभा होता. "काका, ऐकल्या ना शिट्ट्या? पब्लिक वेडं झालंय तुमच्या गाण्यावर."

"जिला मी वाजवत घरी आणली, तिला तू माझ्याच बेंजोवर परत सासरी न्हिऊन सोडलास."

"काका, ती वेगळी गोष्ट आहे. आधी तुमच्यासारखाच सीन होता. पण रिलीजच्या आधी ज्यांना दाखवला ना, त्यांना पोरगी माहेरी राहिलेली पटेना."

"आमच्या गावालाबी पटलं नव्हतं. म्हणून तर वाजीवलं."

यशराज हातातला हार सारखा करू लागला.

"माझ्या घरात भाकरी खाताना डोळं पुसलास तू."

"ते खरं होतं, काका. शपथ."

"तेच वंगाळ. खोटं असतं तर चोर म्हणून सोडून दिलं असतं."

खेळ संपत आला होता. हिरोची गाडी दारात लागली. बाहेर जमलेल्या गर्दीतले फोन वर गेले. यशराज घाईघाईनं पुटपुटला, "आपण नंतर बोलू, आता सुरू करा."

जिनेंद्रनं खिशातनं रुमाल काढला, गाठ सोडली. गाठ सुटायला वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. आतली सुपारी त्यानं यशराजच्या तळहातावर ठेवली आणि वरनं त्याची मूठ मिटली.

टेम्पोवरनं ढोलवाला सम्राट हे बघत होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "जिनू, सुपारी परत केलीस तर उद्या दारात कोण हुबं करंल गा आपल्याला?"

"नगं करू दे."

हिरो गाडीतनं उतरला, हात जोडले, गॉगल डोक्यावर चढवला. वाट बघितली. वाद्य वाजेना. त्यानं यशराजकडं बघितलं, यशराजनं हातातल्या सुपारीकडं.

आणि दारातनं अक्काताई बाहेर आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कठडा.

जिनेंद्र टेम्पोवर चढला आणि त्यानं तारेला हात घातला. पहिला सूर फुटका निघाला. दुसरा जागेवर बसला. सम्राटनं एकवार आभाळाकडं बघितलं आणि टिपरी ढोलावर टाकली. गर्दीला वाटलं हिरोसाठीच, टाळ्या पडल्या. मग लोकांच्या ध्यानात आलं की वाजवणारे हिरोला पाठ करून बसलेत आणि पायऱ्या उतरत्येय ती एक म्हातारी. ती पायरीला थांबत होती, गुडघा सरळ करत होती, पुढची उतरत होती. तिला कसलीच घाई नव्हती. बेंजो तिच्या चालीनं चालला. गळ्यात हार न पडलेला हिरो ती रिक्षापर्यंत पोचेस्तोवर तसाच उभा राहिला.

रिक्षात बेंजो जिनेंद्रच्या मांडीवर होता.

"राग गेला?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"माझाबी न्हाई." ती बाहेर बघत राहिली. "उद्याच्या खेळालाबी ती पोरगी हसणारच की."

"हसणार. गावोगाव हसणार."

अक्काताईनं रिक्षावाल्याला हुपरीच्या एसटीपाशी घ्यायला सांगितलं, जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं. मग कमरेचा बटवा काढला, चाचपून एक अख्खी सुपारी निवडली आणि भावापुढं धरली.

"ही घे. उद्या दुपारी त्याच पायऱ्यांम्होरं. खेळ सोडून जी बाई मधनंच बाहीर पडंल, तिच्यासाठी वाजवायचं."

"आणि एकबी न्हाई आली तर?"

"मी हाय की."

त्यानं सुपारी घेतली आणि रुमालात बांधायला लागला. हात अजून थरथरत होता. गाठ तिनंच मारली.